पाणी टाकून येतो

हिंगणघाट सोडलं ते मे महिन्यातल्या भर दुपारी. ट्रॅव्हल्सची बस नागपूरहून येऊन हायवेवरच्या ढाब्यापाशी दोन मिनिटं थांबायची, आणि मला तिथवर न्यायला आलेला ऑटोवाला फाटकाबाहेर हॉर्नवर हॉर्न देत होता. आमच्याकडची मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, झाडाचं पान हलत नाही. सगळी दारं बंद, आणि प्रत्येक घराच्या खिडकीतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. लहानपणी मला रात्रीची भीती कधीच वाटली नाही, दुपारी दीडची वाटायची. "दीडच्या टायमाले बाहेर निघू नको, पोरी," आई म्हणायची. का म्हणून विचारलं तर ऊन आहे म्हणायची. पण नुसत्या उन्हाबद्दल कुणी इतक्या हळू आवाजात बोलत नाही.

त्या दुपारी बाबा खिडकीबाहेर लाकडी स्टुलावर चढून पाइपनं कूलर भरत होते. कूलर भरणं हे आमच्या घरात फक्त त्यांचं काम. सकाळी एकदा, दुपारी दीडला एकदा. दुसऱ्या कुणी भरलं तर वाळ्याच्या ताट्या नीट भिजत नाहीत असा त्यांचा ठाम समज होता. मी बॅग घेऊन फाटकापाशी आले. मागे न बघताच ते म्हणाले, "थांब, पाणी टाकून येतो."

मी थांबले नाही. हॉर्न वाजत होता, बस चुकली असती, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. "येतो, बाबा," असं फाटकातूनच ओरडले आणि ऑटोत जाऊन बसले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते फाटकात उभे होते, हातात पाइप तसाच. सिमेंटच्या अंगणात त्यांची ओली पावलं उमटली असतील. त्यांच्या उजव्या पायाची करंगळी वर उचललेली होती, जमिनीला टेकायचीच नाही, त्यामुळे त्या पायाची चारच बोटं उमटायची. माझीही करंगळी तशीच आहे. आत्या म्हणायची, पोरीनं तोंड आईचं घेतलं आणि पाय बापाचे. आमच्या अंगणात ती पावलं दोन मिनिटांत वाळून जायची.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या तुम्हा सगळ्यांना हे सांगायला बसले आहे. विषय म्हणाल तर ह्युमिडिफायर. हसू नका. चौदा वर्षं पुण्यात काढल्यावर माणूस अशा गोष्टींवर गंभीरपणे बोलायला लागतो.

पुण्यातला पहिला उन्हाळा मी बिबवेवाडीत कॉट बेसिसवर काढला. घरमालकीणबाईंना विचारलं, कूलर कुठल्या खिडकीला लावू? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपण पुण्यात आला आहात, वाळवंटात नाही. पंखा आहे, तो लावा." मी पंखा लावला. झोप येईना. गरमीमुळे नव्हे, खोलीत आवाज नव्हता म्हणून. ओल्या वाळ्याचा वास नव्हता, मोटरची घरघर नव्हती, ताट्यांवरून पाणी झिरपत टाकीत पडतं तो आवाज नव्हता. शेवटी मोबाइलवर पावसाचा आवाज लावून झोपायला लागले. मग हिंजवडीत नोकरी लागली, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दोन तास कंपनीची बस, नऊ तास एसी, परत दोन तास बस. ओठ फुटायचे, सकाळी घसा कोरडा ठणठणीत, धातूच्या दरवाजाला हात लावला की चटका. सगळ्यांनाच तसं होत होतं, त्यामुळे ते आपल्यालाही होतंय हे लक्षात यायला बरीच वर्षं गेली. मध्यंतरी अमेयशी लग्न झालं. तो पक्का पुण्याचा, कमी बोलणारा आणि बोलला की टोचणारा. आम्ही बिबवेवाडीतच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी आमच्याकडच्या बायकांसारखं 'जातो' म्हणायचं सोडून 'जाते' म्हणायला शिकले.

बाबांचा फोन रोज दुपारी यायचा, दीडच्या आधी. बोलणं एका मिनिटाचं. जेवली का, इकडे लय तापून राहिलं, आणि शेवटी नेहमीचं, "चल, पाणी टाकतो आता."

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात एक दिवस फोन आला तेव्हा मला सांगायचं होतं की मी टीम लीड झाले. नुसतं "बाबा, एक गोष्ट सांगायची आहे" एवढं म्हणाले. ते म्हणाले, "थांब, पाणी टाकून येतो. मग आरामात सांग." फोन बंद न करता त्यांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मला पाण्याचा आवाज येत होता. कूलरच्या पत्र्यात पाइपची धार पडते तो. मी एक मिनिट ऐकलं, दोन मिनिटं ऐकलं. दीडला माझी मीटिंग सुरू झाली. संध्याकाळी सांगू, असं म्हणून मी फोन कापला.

संध्याकाळ झालीच नाही. ते स्टुलावरून कोसळले होते. आई आतल्या खोलीत कूलरसमोर आडवी झाली होती. दाराखालून पाणी आत आलं तेव्हा ती उठून बाहेर गेली. पाइप चालूच होता.

फोन कापल्याचं मी कुणालाही सांगितलं नाही. अमेयलाही नाही. तेरावा झाल्यावर आईला इकडे घेऊन आले, घराला कुलूप लावलं. आई पुण्यात आली, पण रडली नाही. हिंगणघाटलाही रडली नव्हती. दिवसभर खुर्चीत बसून राहायची आणि मधूनमधून मान वळवून काहीतरी ऐकल्यासारखं करायची.

हिवाळ्यात तिला कोरडा खोकला लागला. पुण्याचा हिवाळा सगळ्यांना गुलाबी वाटतो, पण हवा इतकी सुकी होते की पापड उन्हात न ठेवता वाळावेत. आईची खोकून खोकून बरगडी दुखायला लागली, नाकातून दोनदा रक्त आलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. छातीत काही नव्हतं. "हवा कोरडी आहे, आतली कातडी सुकते. घरात ह्युमिडिफायर लावा," ते म्हणाले. "काय कूलरच म्हणाना, फक्त गारव्यासाठी नाही, ओलाव्यासाठी."

हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. कारण आम्ही मायलेकींनी तो कूलरसारखाच वापरला.

यंत्र पांढरं, लहान माठाएवढं. वरून धुकं निघतं. जमिनीवर ठेवू नका, उंचावर ठेवा म्हणजे धुकं नीट पसरतं, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतं, म्हणून हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं. पाणी भरायला स्टूल लागायचं. टाकीतून पाणी खाली उतरलं की मधूनच 'गुळुक' असा आवाज यायचा. तो पहिल्यांदा आला तेव्हा आईनं मान वळवली आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडावर काहीतरी हललं. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर घर चिपचिप होतं, हे आमच्या रक्तातच आहे. आईनं खिडकी उघडली, मी ती तशीच राहू दिली. संध्याकाळी अमेय ऑफिसातून आला. "सगळ्या बिबवेवाडीला दमट करायचं आपल्या अंगावर आलंय का?" असं विचारून त्यानं खिडकी लावली.

फायदे खरोखर झाले, ते नाकारणार नाही. आठवड्यात आईचा खोकला निम्म्यावर आला. रक्त थांबलं. माझा सकाळचा घसा सुटला, ओठ मऊ झाले, डोळ्यांत दिवसभर वाळू असल्यासारखं व्हायचं ते गेलं. दरवाजाचे चटके बंद. अमेयचं घोरणं कमी झालं, हे त्याला मान्य नाही. त्यानं ओलावा मोजायचं छोटं घड्याळ आणलं, यंत्र बंद असलं की ते तिशीखाली, चालू असलं की पंचेचाळीस-पन्नास दाखवायचं. साठच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. मी ऑफिसात चार जणांना घ्यायला लावला. तुम्हालाही सांगते, घ्या. फक्त त्यात नळाचं पाणी घालू नका.

आम्ही घातलं. कूलरमध्ये कोण गाळलेलं पाणी घालतं? आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, क्षारांनी भरलेलं. यंत्र त्या पाण्याचं धुकं करतं, ओलावा हवेत जातो आणि क्षार खाली बसतात. पंधरा दिवसांत टीव्हीवर, कपाटावर, बाबांच्या फोटोवर पिठासारखी पांढरी पावडर बसायला लागली. सकाळी पुसावी, दुपारपर्यंत परत.

मी तेव्हा आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करत होते, बेडरूमचं दार लावून. सकाळी साडेआठला टाकी काठोकाठ भरायची. ती दुपारी एकच्या सुमाराला संपायची आणि लाल दिवा लागायचा. कॉल संपला की मी परत भरायची. एका बुधवारी माझ्या लक्षात आलं की शुक्रवारपासून मी दुपारचं पाणी भरलेलंच नाही, आणि लाल दिवाही एकदाही लागलेला नाही. टाकी दुपारी दोन वाजता काठोकाठ.

आईला गुडघ्यांमुळे स्टुलावर चढता येत नाही. तरी तिला विचारलं, दुपारी पाणी कोण भरतं?

"बाबा टाकून राहिले ना," ती म्हणाली. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात.

माझं काम चुका शोधायचं आहे. मी टाकीच्या मध्यावर मार्करनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दीडला मीटिंग होती, ती चालू असतानाच हॉलमधून ओतल्यासारखा आवाज आला. मी मीटिंगमधून उठू शकले नाही, म्हणजे उठले नाही. दोनला बाहेर आले. पाणी रेघेच्या वर होतं. आई खुर्चीत, हसऱ्या तोंडानं. आणि कपाटाशेजारच्या स्टुलावर, सकाळी न पुसलेल्या पांढऱ्या पावडरीत, दोन पावलं होती. उजव्या पावलाला चार बोटं.

मी चप्पल काढली आणि माझा पाय त्यावर ठेवला. माप तंतोतंत जुळलं. अंगावर सरसरून काटा आला, आणि तो कशानं आला ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. ती पावलं त्यांची असण्यानं, की माझी असण्यानं.

अमेयनं शांतपणे सगळं ऐकलं. "तुझाच पाय आहे. तूच चढतेस आणि विसरतेस. कॉलवर असताना तू चहा दोनदा करतेस, ते तरी कुठं आठवतं तुला?" मग म्हणाला, "तुझं ठीक आहे गं. पण आईंचं काय? त्या दिवसभर त्या यंत्राशी बोलतात. आपण त्यांचा खोकला बरा करता करता त्यांना घालवून बसू." हे मात्र तो टोचून बोलला नाही. त्यालाही भीती वाटत होती. दोन दिवस यंत्र बंद ठेवून पाहायचं असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी मी प्लग काढला. दुपारी मी आत कॉलवर होते. दीड वाजला. घर इतकं गप्प होतं की मला माझ्याच हेडफोनमधला आवाज नकोसा झाला. मग आईचा खोकला ऐकू आला, खूप दिवसांनी. आणि मग फरशीवरून स्टूल सरकवल्याचा आवाज.

या वेळी मी उठले. कॉल तसाच सोडून बाहेर पळाले. दोन पायऱ्या धड न चढणाऱ्या माझ्या आईनं स्टूल खिडकीपाशी नेलं होतं आणि एक गुडघा त्यावर टेकवला होता. खिडकी सताड उघडी. आमच्या सोसायटीत ग्रिल फक्त खालच्या तीन मजल्यांना आहे.

"पाणी बंद झालं," ती बाहेर बघत म्हणाली. "त्यायले पाहून येतो."

मी तिला मागून कमरेला धरून खाली घेतलं. हाताला वजन लागलंच नाही. आम्ही दोघी फरशीवर बसलो.

"त्या दिवशी मी निजलो नोहतो," ती म्हणाली. "जागी होतो. पाण्याचा आवाज येऊन राहिला होता. मले वाटलं, पाणी चालू हाये म्हणजे ते हायेत. म्हणून नाई उठलो मी."

मी इतके महिने जे गिळून बसले होते ते तेव्हा तोंडातून निघालं. "आई, माझ्या फोनवर पण येत होता तो आवाज. ते मला थांब म्हणाले होते. मी फोन कापला."

तिनं मान माझ्याकडे वळवली. "काहून कापला?"

"मीटिंग होती."

आईनं माझा हात हातात घेतला, आणि मग ती रडायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मीही रडले. एकच पाणी आम्ही दोघींनी ऐकलं होतं, एकाच वेळी, साडेसातशे किलोमीटरच्या दोन टोकांना, आणि दोघींनीही त्याच्यावर विश्वास ठेवला होता. मग ती डोळे पुसून म्हणाली, "मशीन लाव."

"थांब, पाणी टाकून येतो," मी म्हणाले. चौदा वर्षं सोडलेलं ते 'येतो' आपोआप तोंडात आलं होतं. आवाजही मला माझा वाटला नाही. आईला तर नाहीच वाटला, कारण तिनं झटकन माझ्या तोंडाकडे पाहिलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. आईला एका डॉक्टरीणबाईंकडे नेतो, त्या तिला बोलतं करतात. ती खातेपिते, खालच्या बायकांशी भांडते, म्हणजे बरी आहे. खिडकीला ग्रिल बसलं. यंत्रात आता फक्त फिल्टरचं पाणी, दर रविवारी टाकी व्हिनेगरनं धुतो, पावडर बसत नाही. एकला लाल दिवा लागतो आणि मीच पाणी भरते. अमेय म्हणतो, बघ, संपलं ना? मी हो म्हणते. पण टेस्टर म्हणून एवढं मला कळतं की आपोआप थांबलेली चूक ही सुटलेली चूक नसते.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी आधी हिंगणघाट म्हणायची. मग बिबवेवाडी म्हणायला लागले, आधार कार्डावर तेच आहे. तिकडच्या घराला कुलूप आहे, कूलर अजून खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर उभा आहे, ताट्या वाळून त्यात चिमण्यांनी घरटं केलंय म्हणे. दोन्हींपैकी एकही उत्तर आता खरं वाटत नाही. जिथं कुणीतरी मला थांब म्हणालंय आणि माझं थांबायचं राहून गेलंय, ते माझं घर.

म्हणून शनिवारी अमेय आईला कात्रजच्या बाजूला देवळात आणि मग तिकडंच जेवायला घेऊन जातो, तेव्हा मी फिल्टरचं पाणी काढून नळाचं भरते, अर्धीच टाकी. स्टूल कोरडं पुसून कपाटाशी ठेवते. पायांत मोजे घालते, म्हणजे पावलं माझी असू शकणार नाहीत. फोन बंद करते, बेडरूममध्ये जाऊन दार लोटते आणि पलंगावर बसून राहते. अमेय आणि आई परत यायच्या आत सगळं पुसून काढते. पहिल्या दोन शनिवारी टाकी संपली, लाल दिवा लागला, स्टुलावर नुसती पांढरी पावडर.

तिसऱ्या शनिवारी दीडला हॉलमधून पाण्याचा आवाज आला. धार पडते तसा, सावकाश, घाई न करता. खाली रस्त्यावर एक रिक्षावाला कुणासाठी तरी हॉर्नवर हॉर्न देत होता. मी त्याला देऊ दिला. दाराकडे गेले नाही, हाक मारली नाही. पाणी टाकून झालं की माणूस घरात येतो, मला तेवढंच माहीत आहे. आवाज थांबला. मी मोज्यातले पाय पोटाशी घेतले आणि दाराकडे तोंड करून थांबले.